पायांपाशी

नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात एका बाईच्या घरची माडी येते. गाव यापो, म्हणजे आजच्या इस्राएलच्या किनाऱ्यावरचे जाफा. बाईचे नाव टबीथा. ग्रीक बोलणारे तिला दुर्कस म्हणत. दोन्ही नावांचा अर्थ हरिणी. ती आजारी पडून नुकतीच वारली आहे. देहाला आंघोळ घालून माडीवर ठेवले आहे आणि जवळच्या लोद गावी असलेल्या येशूच्या शिष्याला, पेत्राला, निरोप गेला आहे. पेत्र येतो, माडी चढतो, तर तिथे गावातल्या विधवा जमलेल्या. त्या रडत आहेत, आणि रडता रडता एकेक कपडा उचलून त्याला दाखवत आहेत. हा अंगरखा तिने शिवलेला, हे वस्त्र तिच्या हातचे.

पुढे पेत्राच्या प्रार्थनेने टबीथा उठते, अशी कथा आहे. पण वाचणाऱ्याच्या मनात घर करतात ते कपडे. टबीथाने कुठे उपदेश केला, कुठे प्रवास केला, कुणाशी वाद घातला, याची काही नोंद नाही. हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने तिच्या तोंडी एक शब्दही घातलेला नाही. आणि तरीही ‘शिष्य’ या शब्दाचे ग्रीक स्त्रीलिंगी रूप अख्ख्या नव्या करारात एकदाच येते, ते या शिवणकाम करणाऱ्या बाईसाठी. तिची साक्ष टाक्यांत होती. ती द्यायला तिला स्वतःला बोलावे लागले नाही. अंगावर घालणाऱ्यांनी ती दिली.

ख्रिस्ती श्रद्धेत सेवेला जे स्थान आहे, त्याची ओळख करून घ्यायची तर ही माडी चांगली जागा आहे. सेवा म्हटले की मोठी रुग्णालये, शाळा, अनाथाश्रम आणि त्यांच्या संस्थापकांच्या तसबिरी डोळ्यांसमोर येतात. त्या खऱ्या आहेत आणि त्यांचे मोल कमी नाही. पण या श्रद्धेच्या मुळाशी जी सेवा आहे ती तसबिरीत मावत नाही. ती स्वयंपाकघरात होते, वॉर्डात रात्री दोन वाजता होते, जमिनीवर बसून होते. पुष्कळदा ती करणाऱ्याचे नाव कुणाला ठाऊक नसते, आणि पुष्कळदा करणाऱ्यालाही आपण काही विशेष करतो आहोत याची जाणीव नसते. मत्तयाच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात, शेवटच्या न्यायाचे जे चित्र आहे त्यातली सगळ्यात हृद्य गोष्ट हीच आहे. ज्यांनी भुकेल्याला खाऊ घातले, आजाऱ्याची विचारपूस केली, कैद्याला भेटायला गेले, ते चकित होऊन न्याय करणाऱ्या राजालाच विचारतात की हे आम्ही तुझ्यासाठी केले तरी कधी? त्यांच्या हिशेबात त्याची नोंदच नसते.

या सगळ्याचा उगम योहानाच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायात आहे. वल्हांडण सणाच्या तोंडावरची रात्र. येशू आणि त्याचे शिष्य जेवायला बसले आहेत. दुसऱ्या दिवशी त्याला क्रुसावर जायचे आहे. इतर तीन शुभवर्तमानांत त्या रात्रीच्या भाकरीची आणि द्राक्षारसाची कथा आहे, जिच्यातून प्रभुभोजनाचा विधी आला. योहान ती कथा सांगतच नाही. तिच्या जागी तो दुसरेच काही सांगतो. येशू जेवण चालू असताना उठतो, वरचे वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, भांड्यात पाणी ओततो आणि एकेकाचे पाय धुऊन पुसू लागतो.

मराठी वाचकाला यातला धक्का पटकन जाणवेल असे नाही. दारात आलेल्या पाहुण्याला पाय धुवायला पाणी देणे ही आपल्याकडची रीतच होती. लग्नात जावयाचे पाय धुतले जातात, गुरूची पाद्यपूजा होते. पण या सगळ्यांत एक दिशा ठरलेली आहे: धुणारा लहान, ज्याचे पाय धुतले जातात तो मोठा. पहिल्या शतकातल्या पॅलेस्टाइनमध्येही तीच दिशा होती, आणि आणखी कडक. उघड्या चपलांत दिवसभर धुळीतून आणि जनावरांच्या शेणामुतातून चाललेले पाय धुणे हे घरातल्या खालच्यातल्या खालच्या दासाचे काम. यहुदी विवरणग्रंथांत एक मत तर असे आढळते की हिब्रू दासाकडून हे काम करून घेऊ नये. म्हणूनच पेत्र पाय मागे घेतो. त्याला ते सहनच होत नाही. गुरूने ही दिशा उलटी फिरवली आहे, आणि ती एकदा फिरली की शिष्यांनाही तसेच वागावे लागणार, हे बहुधा त्याला कळते.

आणखी एक बारकावा योहानाने ठेवला आहे, त्याच्यावरून वाचणारा पुष्कळदा पुढे जातो. यहूदा इस्कर्योत त्या वेळी खोलीतच असतो. तो बाहेर जातो ते पाय धुऊन झाल्यावर. म्हणजे जो काही तासांत आपल्याला पकडून देणार हे येशूला माहीत आहे, त्याचेही पाय त्याने हातात घेतले, धुतले, पुसले. सेवा घेणारा तिला लायक आहे का, हा प्रश्न त्या खोलीत निकालात निघाला.

पहिल्या मंडळीला हे पेलणे सोपे गेले नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या सहाव्या अध्यायात जेरुसलेमच्या मंडळीतले भांडण आहे, आणि ते जेवणावरून आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावलले जाते, अशी तक्रार येते. प्रेषित म्हणतात, आम्ही वचनाचे काम सोडून पंगतीची व्यवस्था पाहणे बरे नाही, आणि त्या कामासाठी सात जण निवडले जातात. वाढपाच्या कामासाठी तिथे जो ग्रीक शब्द आहे, त्याच घराण्यातला ‘दिआकोनोस’ हा शब्द पुढे मंडळीतल्या एका पदाचे नाव झाला. डीकन म्हणजे मुळात पंगतीत वाढणारा. आज दीक्षाविधीत हा शब्द फार गंभीरपणे उच्चारला जातो. त्या गांभीर्यामागे भाकरीची टोपली घेऊन पंगतीतून फिरणारा माणूस उभा आहे, हे लक्षात असलेले बरे. त्या सातांपैकी पहिला स्तेफन. पुढच्याच अध्यायात तो ख्रिस्ती इतिहासातला पहिला हुतात्मा होतो.

चौथ्या शतकात वाळवंटात एकट्याने तप करणाऱ्यांची संख्या वाढली, तेव्हा कॅसेरियाच्या बासिलाने त्यांच्यापुढे एक साधा प्रश्न ठेवला. एकटा राहिलास, तर पाय कुणाचे धुशील? ख्रिस्ती मठजीवनाचा मोठा भाग या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गेला. सहाव्या शतकात मॉन्ते कास्सिनोच्या बेनेडिक्टाने आपल्या मठासाठी जे नियम लिहिले त्यांतला पस्तिसावा अध्याय स्वयंपाकघराविषयी आहे. मठातल्या बंधूंनी आठवड्याची पाळी लावून एकमेकांना वाढायचे. आजारपण किंवा तसेच महत्त्वाचे काम असल्याशिवाय कुणाला सूट नाही. शनिवारी पाळी संपवणाऱ्याने सगळी साफसफाई करायची, हातपाय पुसायचे पंचे धुवायचे, आणि पाळी सोडणारा व घेणारा अशा दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवायचे. भांडी स्वच्छ आणि धड स्थितीत कोठारप्रमुखाच्या ताब्यात द्यायची. आणि त्या कोठारप्रमुखाला दुसऱ्या एका अध्यायात सांगितले आहे की मठातल्या यच्चयावत वस्तूंकडे, वेदीवरची पवित्र पात्रे असावीत तसे पाहा. पळी आणि प्याला एकाच मोलाचे. हा विचार पुढे युरोपभरच्या मठांत शेकडो वर्षे, रोजच्या उष्ट्या-खरकट्याच्या बरोबरीने, पाळला गेला.

याच वाटेवरचा एक माणूस मात्र थोडा वेळ थांबून पाहण्यासारखा आहे. निकोला एर्मान हे त्याचे मूळ नाव. लोरेन प्रांतातल्या गरीब घरात, १६१४ च्या सुमारास जन्म. तीस वर्षांच्या युद्धात तो शिपाई होता. जखमी झाला आणि जन्मभर लंगडत राहिला. नंतर एका घरी नोकर म्हणून राहिला, तिथे आपल्या धांदरटपणाने वस्तू फोडत असे, असे तो स्वतःच सांगे. १६४० मध्ये पॅरिसच्या कार्मेल मठात तो दाखल झाला. शिकलेला नसल्यामुळे धर्मगुरू होण्याचा प्रश्न नव्हता. तो ‘साधा बंधू’ म्हणून राहिला आणि त्याला स्वयंपाकघर मिळाले. लॉरेन्स हे त्याचे मठातले नाव.

त्याला स्वयंपाकाची मुळीच आवड नव्हती. हे फार महत्त्वाचे आहे. सेवा करणाऱ्याला सेवेची हौस असतेच असे आपण धरून चालतो, आणि हौस नसेल तर ती सेवा खोटी, असेही. ब्रदर लॉरेन्सने जवळजवळ पंधरा वर्षे न आवडणाऱ्या कामात काढली. मठासाठी द्राक्षारस खरेदी करायला त्याला बर्गंडीला पाठवत, तेव्हा अधू पायामुळे बोटीवर उभेही राहता येत नसे. पिंपांवरून घरंगळत, सरपटत तो पलीकडे जाई. पुढे पाय फारच दुखू लागला तेव्हा बसून करण्याजोगे काम मिळाले: मठातल्या बंधूंच्या चपला दुरुस्त करण्याचे. त्याचा शोध एवढाच होता की प्रार्थनेच्या घंटेनंतर गुडघे टेकल्यावर देव जितका जवळ असतो तितकाच तो भांड्यांच्या खणखणाटातही असतो, आणि कढईतले ऑम्लेट उलटतानाही त्याच्यासाठी उलटता येते. १६९१ मध्ये तो वारला. जोसेफ द बोफोर या धर्मगुरूने त्याच्याशी झालेली बोलणी आणि त्याची थोडी पत्रे छापली नसती, तर आज त्याचे नाव कुणाला कळले नसते, आणि त्याला त्याचे काही वाटलेही नसते.

मंडळीने पाय धुण्याचा विधीही जपला. पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या गुरुवारी तो होतो. वसईतल्या चर्चांतही पवित्र गुरुवारी धर्मगुरू बारा जणांपुढे वाकून त्यांचे पाय धुतात. इंग्लंडमध्ये मध्ययुगात राजेराण्या त्या दिवशी गरिबांचे पाय धूत. हळूहळू ते थांबले. आता राजाच्या वयाइतक्या वृद्ध पुरुषांना आणि तितक्याच स्त्रियांना खास पाडलेली चांदीची नाणी दिली जातात. पण त्या समारंभातले काही धर्माधिकारी अजूनही कमरेला तागाचे पंचे बांधून उभे असतात. पाणी गेले, पाय गेले, पंचा राहिला. विधी कसे वाळत जातात याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागेल. उलट २८ मार्च २०१३ रोजी, निवडून येऊन पुरते तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, पोप फ्रान्सिस रोममधल्या कासाल देल मार्मो या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि बारा कैदी मुलामुलींचे पाय त्यांनी धुतले. त्यांत दोन मुली होत्या. एक मुसलमान होती. तेव्हा या विधीसाठी पुरुषच बसवावेत असा नियम होता. तो जानेवारी २०१६ मध्ये बदलण्यात आला.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे, कारण या विषयावरच्या लिखाणात ती सहसा गोड शब्दांखाली झाकली जाते.

त्या रात्री येशूऐवजी घरातल्या दासाने पाय धुतले असते, तर योहानाने ते लिहिलेच नसते. ते रोजचेच होते. त्या कृतीला अर्थ आला तो, जो करायला बांधलेला नव्हता त्याने ती केली म्हणून. नम्रतेचा उपदेश जेव्हा आधीच वाकलेल्या माणसाला केला जातो, तेव्हा तो योहानाच्या खोलीतून बाहेर पडलेला असतो. व्हॅटिकनच्या ‘लोस्सेर्व्हातोरे रोमानो’ या वृत्तपत्राबरोबर निघणाऱ्या स्त्रियांविषयीच्या मासिकाने मार्च २०१८ मध्ये एक लेख छापला. कार्डिनल आणि बिशप यांच्या घरी पहाटेपासून रात्रीपर्यंत स्वयंपाक, धुणी, इस्त्री करणाऱ्या जोगिणींना त्याचा मोबदला नगण्य किंवा शून्य मिळतो, आणि ज्या टेबलावर त्या वाढतात त्यावर बसायला त्यांना क्वचितच बोलावले जाते, असे त्यात त्यांच्याच तोंडून मांडले होते. नावे अर्थातच बदललेली. ही सेवाही न दिसणारीच होती. पण ती दिसत नव्हती याचे कारण कुणी तिकडे पाहत नव्हते.

महाराष्ट्रात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. नगर-सोलापूर भागात ख्रिस्ती झालेल्या घरांपैकी बहुतेक महार आणि मांग समाजांतली. मेलेली जनावरे ओढण्यासारखी गावकीची कामे त्यांच्या गळ्यात जन्माने बांधलेली होती. मार्च १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी अशी कामे टाकून देण्याची हाक दिली, तेव्हा ती हाक या घरांनाही लागू होतीच. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची घाण उपसायला लावलेल्या माणसाला घाण उपसण्यातले पावित्र्य सांगणे हा अपराध आहे. त्याच माणसाने पुढे शिकून, स्वतःच्या इच्छेने, एखाद्या परक्या आजाऱ्याच्या खाटेशी उभे राहणे ही वेगळी गोष्ट आहे. काम बाहेरून एकच दिसेल. या दोहोंतला फरक ज्याला दिसत नाही, त्याने या विषयाला हात घालू नये.

आणि पुष्कळ जण तसे उभे राहिले. मराठी माणूस रुग्णालयात गेला की परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणतो. ती हिंदू असो, बौद्ध असो, मुसलमान असो. वॉर्डातली आया ‘मावशी’ असते. मावशी आपल्या घरातून आली. सिस्टर आली ती जोगिणींच्या मठांतून, जिथे आजाऱ्याची शुश्रूषा हे व्रत होते. १८३६ मध्ये जर्मनीत ऱ्हाइनकाठच्या कायझर्सवर्थला थिओडोर आणि फ्रीडरिके फ्लीडनर या पाळक दांपत्याने स्त्रियांना शुश्रूषेचे शिक्षण देणारी संस्था काढली, ती ‘दिआकोनोस’ या शब्दाचाच धागा पकडून. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५० आणि १८५१ मध्ये तिथे राहून आली. तिथून हे काम जगभर पसरले. भारतात मात्र परक्याच्या मलमूत्राला, पुवाला, रक्ताला हात लावणे विटाळाचे मानले जाई, त्यामुळे सवर्ण घरांतल्या मुली बराच काळ या धंद्यात आल्या नाहीत. सुरुवातीच्या शिकलेल्या भारतीय परिचारिकांत ख्रिस्ती मुलींचा वाटा फार मोठा होता, तो यामुळे. मिरजेत १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी रुग्णालय उघडले. वॉन्लेसांचे नाव रुग्णालयाला आहे, वॉन्लेसवाडीला आहे. शस्त्रक्रिया त्यांनी केल्या. शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री ज्यांनी जागून काढल्या त्यांची नावे कुठल्याच वाडीला नाहीत.

त्या रात्रीत नेमके काय असते? हलता न येणारा रुग्ण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचा. चादरीची सुरकुती ओढून काढायची, कारण तेवढ्या घडीनेही कातडी खराब होते. पाठ पुसून कोरडी करायची, पावडर लावायची. बेडपॅन द्यायचे, काढायचे, धुवायचे, पुन्हा द्यायचे. चूळ भरायला भांडे धरायचे. आणि हे सगळे नीट झाले, तर परिणाम काय दिसतो? काहीच नाही. पाठीला जखम होत नाही. सकाळी राउंडला आलेले डॉक्टर पाठ पाहतात, ती धड असते, ते पुढे जातात. उत्तम शुश्रूषेचा पुरावा म्हणजे न झालेली जखम, आणि न झालेल्या जखमेची नोंद कुठल्या रजिस्टरात करणार?

मराठी मुलखात या विषयाची सगळ्यात दाट कथा मात्र केडगावची आहे, आणि ती सुरू होते लंडनमध्ये.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या वर्षांत गेलेली. पतीही गेलेले, पदरात लहानगी मनोरमा. संस्कृतावरचे प्रभुत्व असे की कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवले होते. वाँटेजच्या जोगिणींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. तिथून त्यांना लंडनजवळच्या फुलहॅमला नेण्यात आले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी जोगिणी तिथे आश्रम चालवत. रमाबाईंनी पाहिले की या बायकांना कुणी हिडीसफिडीस करत नाही. त्यांची सेवा होते, त्या आजारी असल्या तर त्यांना जपले जाते, आणि सावरलेल्या काही जणी पुढे दुसऱ्यांची सेवा करू लागतात. असे का करता, असे त्यांनी एका जोगिणीला विचारले. उत्तरादाखल तिने योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या आध्यात्मिक आत्मनिवेदनात रमाबाईंनी हा प्रसंग आपल्या आयुष्यातले वळण म्हणून सांगितला आहे. १८८३ च्याच सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

रमाबाईंची धर्मशास्त्रावरची चर्चा, वादविवाद, पत्रव्यवहार, यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. त्या कुणाच्याही सांगण्यावरून मान हलवणाऱ्या नव्हत्या, बिशपांशीही त्या रोखठोक बोलल्या. पण त्यांना हलवले ते वादाने हलवले नाही. ते काम फुलहॅमच्या एका आश्रमात, झाडलोट आणि शुश्रूषा करणाऱ्या बायकांनी केले. त्या बायकांना भारतातली ही विदुषी आपल्याकडे पाहून काय घेऊन जाणार आहे, याची कल्पनाही नव्हती.

त्यांनी जे नेले ते केडगावात उगवले. मुंबईत १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी सुरू केलेले शारदा सदन पुढल्याच वर्षी पुण्याला आले. पुणे–दौंड लोहमार्गावरच्या केडगावला संस्थेच्या उत्पन्नासाठी शेतजमीन घेतलेली होती. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि बायका गोळा करू लागल्या. स्वतः दुष्काळातून वाचलेल्या असल्याने उपाशी माणूस कसा दिसतो हे त्यांना कुणी शिकवावे लागत नव्हते. इकडे पुण्यात प्लेग. गर्दी ठेवायला मनाई. मग केडगावच्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या, आणि १८९८ मध्ये तिथे मुक्ती सदन स्थिरावले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. फुलहॅममध्ये पाहिलेल्या बायकांसारख्यांसाठी ‘कृपा सदन’ निघाले. अंध मुलींसाठी वेगळे घर झाले आणि मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल शिकवली.

दोन हजार माणसे म्हणजे रोज किती पीठ, किती सरपण, किती पाणी! दुष्काळातून आलेल्या मुलींच्या अंगावर खरूज, केसांत उवा, तोंडात फोड. पोट इतके आक्रसलेले की भरपेट दिले तर जीव जायचा. त्यांना चमच्याने पेज पाजावी लागे. हे काम एक पंडिता कशी करणार? ते केले आधी आलेल्या मुलींनी. काल जिला पेज पाजली तिने आज दुसरीला पाजली. दळण, विणकाम, गाईगुरे, तेलघाणी, शेती, सगळ्यात त्याच.

आणि छापखाना. मुक्तीमधले हे काम जवळून पाहिले पाहिजे. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची बरीच वर्षे हिब्रू आणि ग्रीक मुळावरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. हस्तलिखित तयार होई तसे ते खिळे जुळवणाऱ्या मुलींकडे जाई. देवनागरीच्या केसमध्ये नुसती अक्षरे नसतात. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, जोडाक्षरे, प्रत्येकाचे वेगळे घर असते. त्या मुली उभ्या राहून डाव्या हातातल्या स्टिकमध्ये एकेक खिळा उलटा बसवीत, ओळ उलटीच वाचून पाहत. प्रूफ काढायचे, चुका दुरुस्त करायच्या, पुन्हा प्रूफ. फर्मा छापून झाला की शाई पुसून सगळे खिळे मोकळे करायचे आणि परत आपापल्या घरात टाकायचे, म्हणजे पुढच्या पानाला अक्षरे मिळतील. तुटके खिळे वेचून काढायचे. दुष्काळात अक्षरओळख नसताना आलेल्या मुलींनी उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतचा ग्रंथ अक्षरशः हातातून जाऊ दिला. भाषांतराचे काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. मुखपृष्ठावर त्यांचे नाव येते. कंपोझिटरची खूण म्हणावी तर ती एखाद्या पानावर किंचित वाकड्या बसलेल्या वेलांटीत सापडेल.

मिशनांच्या जुन्या अहवालांतही हेच दिसते. परदेशी मिशनरीचे नाव, पत्ता, आगमनाचे वर्ष सगळे असते. घरोघर जाऊन बायकांना बायबल वाचून दाखवणाऱ्या, त्यांची बाळंतपणे आणि भांडणे निस्तरणाऱ्या स्थानिक स्त्रियांची ‘बायबल वुमन’ म्हणून एक संख्या असते. कुणाचे नाव आलेच तर पुढे नवऱ्याचे नाव लावून. स्वतःहून मागे राहिलेल्यांना मागे राहू द्यावे, ती त्यांची निवड होती. पण ज्यांना अहवालाने मागे ठेवले त्यांना शोधणे हे आजच्या अभ्यासकाचे काम आहे. नावे सापडणार नसतील, तर निदान त्यांनी काय केले, कशा पद्धतीने केले, हाताला घट्टे कुठे पडले, एवढे तरी नेमके लिहिले गेले पाहिजे.

कुष्ठरोग्यांच्या सेवेचा इतिहास असाच लिहिला जाऊ शकतो. कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांच्या पोटी १९१४ मध्ये जन्मलेले शल्यविशारद पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले. कुष्ठरोगात बोटे आपोआप गळून पडतात, ही समजूत त्यांनी मोडून काढली. मज्जातंतू बधिर झाल्यामुळे वेदना कळत नाही. माणूस तापलेले भांडे धरून ठेवतो, चपलेतला खडा घेऊन दिवसभर चालतो, रात्री उंदीर बोट कुरतडतो तरी जाग येत नाही. जखम चिघळते आणि बोट जाते. त्यांनी आकसलेल्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांचे नाव जगभर झाले. पण या शोधातून निघालेले रोजचे काम शस्त्रक्रियेच्या टेबलावरचे नव्हते. ते पायांपाशीच होते.

बधिर पायाला घाम येत नाही. कातडी कोरडी पडते, टाचेला भेगा जातात, घट्टा जाड होतो आणि त्याच्या खाली, न दुखता, व्रण तयार होतो. म्हणून कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयांत आजही सकाळ पायांपासून सुरू होते. बाकावर रांगेने माणसे बसतात, समोर पाण्याची घमेली. अर्धा तास पाय भिजवायचे. मग ड्रेसर खाली बसतो, एकेक पाऊल मांडीवर घेतो, मऊ झालेला घट्टा खरवडतो, बोटांच्या बेचक्यांत पाहतो, तळव्यावर हात फिरवून कुठे गरम लागते का ते बघतो, कारण खालच्या सुजेची खबर पायाचा धनी देऊ शकत नाही, ती ड्रेसरच्या तळहातालाच कळते. पाऊल पुसायचे नाही, ओले असतानाच तेल लावायचे, म्हणजे पाणी आत राहते. व्रण असेल तर पट्टी. मग पाऊल चांभारकामाच्या खोलीत. कागदावर उभे करून भोवती पेन्सिल फिरवायची, व्रण जिथे होता तिथे खूण करायची, आणि तेवढ्या जागी दाब पडणार नाही असा मऊ रबराचा तळ कापायचा. चपलेला खिळे मारायचे नाहीत, शिवून आणि चिकटवूनच बनवायची. वर आलेला खिळा या पायाला कळणार नाही. काही महिन्यांनी तळ दबून सपाट झाला की माणूस चपला घेऊन परत येतो, आणि बाकावर बसून घमेल्यात पाय सोडतो.